आईची टाच आणि माझी

माझी टाच पहिल्यांदा दुखली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि दुखली त्याच क्षणी मला वाटलं, आता मी मरणार.

असं वाटायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ गेला होता. मी त्याला दादा म्हणायची. त्याचं सगळं टाचेपासूनच सुरू झालं होतं. आम्ही तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजात राहत होतो. संस्थानी दिवस होते, बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. दादा एक दिवस शाळेतून लंगडत आला आणि म्हणाला, बाभळीचा काटा गेला असेल. आईने सुईने टोकरून पाहिलं, काटा काही सापडला नाही. मग हळदीचं पोटीस झालं, एरंडाची पानं शेकून बांधून झाली, वैद्यबुवांचा लेप झाला. टाच सुजत गेली, हाताला गरम लागू लागली, संध्याकाळ झाली की अंगात ताप भरायला लागला. अखेर डॉक्टरांकडे नेलं तोवर टाचेला छिद्र पडून ती वाहू लागली होती. डॉक्टर म्हणाले, हाड्या व्रण आहे, हाडाचा क्षय. आणि म्हणाले, "उशीर केलात."

पुढचे सात महिने तो अंथरुणावर होता. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

तो गेल्यावर घरात त्याचं नाव कोणी काढत नसे. बाबा कचेरीतून येत, जेवत, आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसत. पान मात्र उलटत नसत. आई कामात असे. पण कणीक मळताना नाहीतर तांदूळ निवडताना तिचे ओठ हलत, आणि मी जवळ असले तर मला ऐकू येई, "उशीर केलात." ती स्वतःलाच सांगत असे.

तर माझी टाच. आमच्या मुलींच्या शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बक्षीससमारंभ व्हायचा आणि त्या वर्षी आमच्या वर्गाचं लेझीम ठेवलं होतं. बाईंनी मला पहिल्या रांगेत घेतलं. शाळेचं अंगण दगडी फरशीचं होतं. रोज सकाळी तास-तासभर आम्ही त्या फरशीवर अनवाणी उड्या मारायचो, खाली बसायचो, पुन्हा उसळून उठायचो. पंधरा-वीस दिवस झाले असतील. एका उडीनंतर पाय टेकला आणि उजव्या टाचेच्या मागच्या बाजूला, जिथे वरची शीर येऊन मिळते तिथे, असा ठणका बसला की हातातलं लेझीम खाली पडलं.

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

"कुछ नहीं, बाई," मी म्हणाले. शाळेत घाबरले की माझ्या तोंडून हिंदीच यायचं.

त्या दिवसापासून मी टाच वर उचलून चालायला शिकले. चवड्यावर चाललं की दुखत नसे. घरात आईची पाठ असली की चवड्यावर, तिने पाहिलं की पूर्ण पाऊल टेकून. धान्याच्या खोलीत दार लोटून मी रोज टाच तपासायची. दादाच्या दुखण्यातलं मला सगळं पाठ होतं: आधी दुखणं, मग सूज, मग गरमी, मग ताप, मग छिद्र. दुखणं झालं होतं. सूज आहे का, हे मला ठरवता येत नसे. उजवी टाच डावीपेक्षा मोठी वाटायची, मग पुन्हा नीट पाहिलं की डावी मोठी वाटायची. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की डोळ्यांत पाणी यायचं. संध्याकाळी गळ्याला हात लावून बघायची, तर अंग गरम. चैत्रातल्या ग्वाल्हेरात कोणाचं अंग गरम नसेल! पण हे तेव्हा कोण सांगणार? मी कोणाला विचारलंच नव्हतं.

आईला सांगावं असं रोज वाटायचं आणि रोज मी गप्प राहायची. मला तिच्या रागाची भीती नव्हती. मी सांगितलं की ती एरंडाची पानं शेकायला घेईल आणि तिचा चेहरा पुन्हा तसा होईल, त्याची होती. दादाच्या शेवटच्या दिवसांत तिचा चेहरा जसा झाला होता, तो मला पुन्हा बघायचा नव्हता. मी देवाशी सौदे केले. गूळ सोडला. लेझीम मात्र सोडलं नाही, कारण सोडलं तर का सोडलं हे सांगावं लागलं असतं.

असे आठ-दहा दिवस गेले. मग एका सकाळी मी लवकर जागी झाले आणि डोळे मिटून पडून होते. आई अंथरुणावरून उठली. तिने एक पाऊल टाकलं आणि दाराची चौकट घट्ट धरली. तिच्या तोंडून "आई गं" असं अगदी बारीक निघालं. मग भिंत धरून, एका पायाच्या कडेवर भार देत, ती चुलीपाशी गेली. चार-सहा पावलांनंतर तिचं चालणं सरळ झालं. चूल पेटवायला खाली बसली, उठली, तेव्हा पुन्हा भिंत.

मी पांघरुणाखाली थिजून गेले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जागी राहून पाहिलं. तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. एकदा धीर करून विचारलं, "आई, पायाला काय झालं?"

"काही नाही, आखडलाय जरा," ती म्हणाली आणि उगाच भरभर चालून दाखवलं.

दादाही तसंच करायचा. पाहुणे आले की भरभर चालून दाखवायचा.

आता माझ्या भीतीला काही हिशेबच उरला नाही. मला वाटलं, हा रोग आमच्या घरात शिरलाय आणि एकेकाच्या टाचेतून आत येतोय. तिच्यापासून मला झाला की माझ्यापासून तिला, हे मला कळेना, पण माझ्यापासून झाला असेल तर, या विचाराने मी पाण्याचं फुलपात्र वेगळं ठेवलं आणि तिच्याशेजारी झोपायचं सोडलं. "फार गरम होतं," म्हणून सांगितलं. आईला ते लागलं असावं.

एका दुपारी बाहेर लूच्या गरम झळा चालल्या होत्या. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली, खोलीत अंधार. बाबा कचेरीत. आई जमिनीवर आडवी झाली होती आणि तिला डोळा लागला होता. तिची उजवी टाच माझ्याकडे होती. तिला सूज आहे का, ती गरम आहे का, हे पाहायची अशी संधी पुन्हा मिळाली नसती. मी सरकत सरकत जवळ गेले. टाचेला भेगा होत्या, त्यांत काळी धूळ बसलेली. मी हात लावला. गार होती. सूजही वाटली नाही. मग मी अंगठ्याने तळव्याच्या बाजूने, टाचेच्या पुढच्या कडेला, जरा दाबलं.

आई किंचाळून उठून बसली. "काय करतेस गं?"

मी इतकी घाबरले की रडायलाच लागले आणि तोंडातून निघून गेलं, "तुझी पण दुखते!"

आईने माझा हात धरला. मग फार हळू म्हणाली, "'पण' म्हणजे? आणखी कोणाची दुखते?"

मी पाय परकराखाली ओढून घेतले. तेवढ्याने तिला सगळं कळलं. तिने माझे दोन्ही पाय बाहेर ओढले, एकेक टाच हातात घेतली, उजेडाकडे नेली, नाकाशी नेली. हो, तिने माझी टाच हुंगली. दादाच्या टाचेला शेवटी वास येत असे.

"कधीपासून?"

"महिना होईल."

"महिना!" ती म्हणाली. तिचा तो चेहरा, जो मला पुन्हा बघायचा नव्हता, तो माझ्या समोर होता. "उठू नकोस. पाऊल टेकवायचं नाही. अजिबात नाही."

तिने मला पाठीवर घेतलं. अकरा वर्षांची मुलगी, चांगली हाडापेराने मोठी. मला पाठीवर घेऊन ती जिना उतरली. प्रत्येक पायरीला तिचा श्वास अडकत होता आणि मला कळत होतं की तिची टाच दुखतेय. "मी चालते ना आई, सोड," मी म्हणत होते आणि ती म्हणत होती, "गप्प बस." गल्लीच्या तोंडाशी एक तांगेवाला सावलीत डुलक्या घेत होता, त्याला तिने हाक मारून उठवलं. तांग्यात बसल्यावर मी पाहिलं, तिच्या पायांत वहाणा नव्हत्या. तापलेल्या रस्त्यावरून ती तशीच आली होती.

डॉक्टरांचा दवाखाना नई सडकेवर होता, तेच डॉक्टर, दादाचे. आधी पलटणीत होते, नोकरी संपल्यावर घरीच दवाखाना उघडला होता. दुपारी बंद असे. आई दार वाजवत राहिली. आतून कोणीतरी सांगितलं, पाच वाजता या. आम्ही ओट्यावर बसलो. तासभर तरी बसलो असू. आईने माझे पाय मांडीवर घेतले होते आणि पदराने झाकले होते. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी मनात म्हणत होते, डॉक्टर तेच म्हणणार, आता दार उघडणार आणि ते तेच म्हणणार.

दार उघडलं. डॉक्टर दोघींकडे बघत राहिले, त्यांनी आईला ओळखलं. "या वहिनी," ते म्हणाले. त्यांचं मराठी आमच्या इकडचं, अर्धं हिंदी. "काय झालं? बच्चीला काय होऊन राहिलंय?"

"टाच," आई म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा चढवला. मला बाकावर बसवलं. काच लावून ताप पाहिला. टाच सगळ्या बाजूंनी दाबली. मागे, दोन्ही कडांना धरून दाबली तेव्हा मी ओरडले. आईने भिंतीला हात टेकला.

"झोपेत दुखते का? दुखून जाग येते?"

"नाही."

"बसलेली असताना?"

"नाही. उडी मारली की. पळाले की."

"उड्या कुठे मारतेस?"

मी लेझीम सांगितलं. फरशी सांगितली. ते म्हणाले, "उभी राहा, चाल." मी चवड्यावर चालले. त्यांनी मान हलवली. मग माझी उंची दाराच्या चौकटीला हात लावून पाहिली आणि आईला विचारलं, "वर्षात किती वाढली?"

"परकर दोनदा उसवून लांब केले," आई म्हणाली.

"तर मग." डॉक्टर खुर्चीत बसले. "वहिनी, हा तो रोग नाही. ऐकून घ्या नीट. या वयात टाचेचं हाड अजून पक्कं जुळलेलं नसतं. मागे एक कोवळा तुकडा असतो, त्याच्यावर पोटरीची शीर येऊन बसलेली. मुलगी भराभर वाढते, शीर ताणली जाते, आणि वरून ही दगडावर उड्या मारते. तो तुकडा दुखतो. खेळणाऱ्या पोरांना होतं हे. हाड जुळलं की आपोआप जातं. उड्या बंद, पायात काही मऊ घाला, बस."

आई उभीच होती. तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. "त्याचीही टाचच होती," ती म्हणाली.

"टाच दुखायला शंभर कारणं असतात, वहिनी. पलटणीत नवे बूट वाटले की दुसऱ्या दिवशी माझ्या दारात रांग लागायची, सगळ्यांच्या टाचा सोललेल्या. पहाऱ्यावर तासन्‌तास उभे राहणारे शिपाई यायचे, त्यांचा तळवा दुखायचा. पाटणकर बाजारातले हलवाई येतात अजून, दिवसभर भट्टीपुढे उभे. भेगा चिरत गेल्या तरी टाच दुखते. कोणी वजनाने जड झालं तरी दुखते. हाड्या व्रण हजारात एखाद्याला होतो. बिचाऱ्या आपल्या पोराला झाला." मग त्यांची नजर खाली गेली. "तुमच्या वहाणा कुठायत?"

मीच सांगून टाकलं. "आईची पण दुखते. सकाळी उठली की भिंत धरते."

आई म्हणाली, "माझं राहू द्या." पण डॉक्टरांनी तिला बसवलं. बाईमाणसाच्या पायाला हात लावायचा म्हणून त्यांनी आधी विचारलं, मग बोटाने तळव्याखाली, मी दाबलं होतं तिथेच, दाबलं. आईने ओठ चावला.

"सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट? मग चाललं की सैल होतं? आणि बसून उठलं की पुन्हा?"

"हो."

"अनवाणी फार चालता?"

आईने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "दत्ताच्या देवळात रोज एकशे आठ प्रदक्षिणा घालते. पावलाला पाऊल लावून. दगडाची फरशी आहे. दीड वर्ष झालं. वहाणाही सोडल्यात तेव्हापासून, घरीदारी."

"कशासाठी?" असं विचारायची गरज नव्हती, पण डॉक्टरांनी विचारलं.

"हिच्यासाठी," आई म्हणाली. "ही तरी राहावी म्हणून."

मला माहीत होतं की ती देवळात जाते. मला वाटायचं दादासाठी जाते.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, दगडावर चालून चालून तो टाचेपाशी दुखावलाय. आराम मिळाला की आखडतो, म्हणून पहिलं पाऊल जड जातं. वहाणा घाला, टाचेखाली मऊ काही ठेवा, उठायच्या आधी पाय पुढे करून बोटं आपल्याकडे ओढा, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, गोल बाटली जमिनीवर ठेवून तळव्याने फिरवा. आणि प्रदक्षिणा बंद. "बसून जप करा. देव काही फरशीवर मोजत बसत नाही."

आईने हो म्हटलं. उठली, पदर सारखा केला. मी सुटकेने पाय हलवत होते, मला वाटलं आता घरी जायचं. पण ती दारापाशी थांबली.

"डॉक्टरसाहेब, एक विचारू?"

"विचारा ना."

"त्याची टाच वेगळी होती का? सुरुवातीला? मला ओळखता आली असती?"

मला आठवतं, बाहेर रस्त्यावर कोणी बर्फाचा गोळा विकत होता, त्याची घंटी वाजत होती.

"त्याची बसून, झोपूनही दुखायची," ते शेवटी म्हणाले. "ताप होता, सूज होती, अंग उतरत होतं. पण हे सगळं मागाहून. पहिल्या दिवसांत त्याची टाच हिच्या टाचेसारखीच दिसली असती. मी पाहिली असती तरी बाभळीचा काटाच म्हणालो असतो." आणि मग म्हणाले, "तेव्हा मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. लवकर आणलं असतं तरी माझ्याकडे त्याच्यावर औषध कुठे होतं?"

आई तिथेच, दवाखान्याच्या उंबऱ्यावर, खाली बसली आणि रडली. दादा गेला तेव्हाही ती असं रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले, पूर्ण पाऊल टेकून, आणि ती माझ्याकडे बघून "टेकवू नकोस" म्हणाली नाही.

संध्याकाळी बाबा आले. आईने त्यांना पगडी काढू दिली, पाणी दिलं, मग सांगायला लागली. "दोघींची?" एवढंच ते म्हणाले. पुढचं काही ऐकून न घेता ते पायांत जोडे घालून बाहेर पडले. आई पोळ्या करायच्या सोडून दारात उभी राहिली. ती पुन्हा घाबरली होती, या वेळी त्यांच्यासाठी. दिवे लागल्यावर ते परत आले. डॉक्टरांकडे जाऊन आले होते, स्वतःच्या कानांनी ऐकायला. काखेत नमद्याचा तुकडा होता, जीनगराकडून आणलेला, घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो. जेवण झाल्यावर त्यांनी कागदावर आमच्या चारही टाचांचे आकार काढले आणि कात्रीने नमदा कापत बसले. कापता कापता दादाचं नाव घेऊन म्हणाले, त्याचा पाय माझ्यासारखा होता, रुंद. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते नाव उच्चारलं. आई म्हणाली, "हो, बोटंही तुमचीच."

समारंभात मी लेझीम केलं नाही. सुट्टीभर पायरीवर बसून काढली. टाच दोनेक महिन्यांत बरी झाली, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा थोडी दुखली, मग कायमची गेली. आईची मात्र लवकर हटली नाही. बाटली फिरवून, भिंतीला टेकून पोटऱ्या ताणून, वर्षभर तरी ती सकाळी चौकट धरत होती. त्या वर्षभर रोज सकाळी माझी वेणी घालण्याआधी ती माझी टाच दाबून बघायची, मग कपाळाला हात लावायची. डॉक्टरांवर तिचा विश्वास बसला होता, पण हाताला सवय पडली होती. मीही खूप वर्षं, कुठे काही दुखलं की आधी झोपेत दुखतं का हे बघायची.

मोठी झाल्यावर एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर तू माझ्याशी एकही शब्द का बोलली नाहीस?

ती भाजी चिरत होती. म्हणाली, "बोलले असते तर तू विचारलं असतंस, मी दादासारखी जाणार का म्हणून. त्यानेही विचारलं होतं. त्याला मी नाही म्हणाले होते." थोडा वेळ तिने तशीच भाजी चिरली. "दुसऱ्यांदा नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती गं."